एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंद

रविवारी सकाळी दहा वाजता नंदकुमार नाबर आयुष्यात पहिल्यांदा व्हिडिओ कॅमेऱ्यामागे उभे होते.

मुलुंड पूर्वेच्या 'सौजन्य' सोसायटीत पुनर्विकासाची सभा होती. चाळीस सभासद, चार मजले, लिफ्ट शून्य. सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागणार होतं. त्यात एका सेकंदाचा खंड सापडला तरी आपण हरकत घेणार, असं अनंतराव केरकरांनी तीन प्रतींत लिहून दिलं होतं. अनंतराव तळमजल्यावर राहत. त्यांना लिफ्टची निकड कधी भासली नव्हती.

निकड नाबरांना होती. त्यांच्या पत्नीचे, शुभाताईंचे, दोन्ही गुडघे गेले होते. चौथ्या मजल्यावरून आज त्या तेवीस मिनिटांत खाली आल्या. याआधी दिवाळीत आल्या होत्या. सभा फिसकटली, की बिल्डर दुसरीकडे जाणार होता आणि शुभाताई कायमच्या वर.

कॅमेरा पुतण्याचा, ओजसचा. "काका, ऑटोवर टाकायचा नाही हं! ट्यूबलाइटखाली चित्र लपलपतं, आणि फोकस माणसं सोडून पंख्यामागे धावतो," असं बजावून त्याने चिठ्ठी दिली होती. शटर पन्नास, अ‍ॅपर्चर पाच पॉइंट सहा, आयएसओ आठशे. नाबरांनी ती ट्रायपॉडच्या पायाला गुंडाळून चिकटपट्टीने पक्की केली. मागची बाजू बघायचं त्यांना सुचलं नाही. पस्तीस वर्षं त्यांनी विक्रोळीच्या कारखान्यात नकाशे काढले होते, आणि नकाशाला मागची बाजू नसते.

सभा सुरू झाली. डावा हात फोकसच्या रिंगवर, उजवा ट्रायपॉडच्या दांड्यावर. कुणी पुढे सरकलं, की नाक पुसट. रिंग फिरवली, की मागच्याचे कान पुसट. नाबरांनी श्वास घ्यायचं काम पुढे ढकललं.

"प्रस्तावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा!" सेक्रेटरी दीप्ती म्हणाली आणि मोजायला लागली. बहुमताला एकवीस लागत होते. "एकोणीस, वीस, एकवीस. मंजूर!"

टाळ्या झाल्या. दुसऱ्या मजल्यावरचे चंद्रप्रकाश वर केलेला हात खाली घेऊन, बॅग उचलून विमान गाठायला पळाले. आणि नाबरांची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली.

रेकॉर्डिंगचा लाल ठिपका नव्हता.

त्यांनी चिठ्ठी ओरबाडून काढली. मागे ओजसचं गचाळ अक्षर: 'एक क्लिप २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबते. पुन्हा बटण दाबा.'

गप्प बसावं का? कुणाला कळलं नव्हतं. समोरून अनंतराव उठून कॅमेऱ्याकडेच येत होते, सावकाश, चष्मा पुसत.

"दीप्ती," नाबर म्हणाले, तेव्हा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. "मतदान शूट झालं नाही. रेकॉर्डिंग मध्येच थांबलं."

"काका! वाट लागली ना!"

"मग मतदान झालंच नाही," अनंतराव प्रेमाने म्हणाले.

रजिस्ट्रार कार्यालयातून आलेल्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. "सभा संपलेली नाही. परत घ्या."

नाबरांनी बटण दाबलं. ठिपका आला. हात वर गेले. दीप्तीने मोजले, पुन्हा मोजले, आणि तिचा चेहरा पडला.

"वीस."

चंद्रप्रकाश रिक्षात होते. फोनवरचा हात चालत नाही, हे अनंतरावांनी कुणी विचारायच्या आत सांगितलं.

नाबरांनी शुभाताईंकडे बघायचं टाळलं. शुभाताईंनी मात्र टाळलं नाही.

"अहो, तुमचा हात कुठाय?"

"माझा? रिंगवर."

"घर तुमच्या नावावर. सभासद तुम्हीच ना?"

कॅमेरावाल्याला कुणी मोजलं नव्हतं. स्वतः नाबरांनीही नाही.

"फ्रेममध्ये दिसलं पाहिजे," अनंतराव घाईने म्हणाले. "आणि स्पष्ट!"

म्हणजे कॅमेरा सोडून समोर जायचं. नाबरांनी रिंग पहिल्या रांगेवर लावली आणि तिच्यावरचा हात जिवावर आल्यासारखा उचलला. पहिल्या रांगेच्या ओळीत उभे राहून त्यांनी हात वर केला. इथून स्क्रीन दिसत नव्हता. दिसत होती फक्त काळी काच. ठिपका असेल? गेला असेल?

शुभाताई खुर्चीच्या पाठीला धरून उठल्या, दोन पावलं कशीबशी टाकत कॅमेऱ्यामागे गेल्या.

"शुभा, लाल ठिपका आहे का गं?"

त्यांनी वाकून पाहिलं. फार वेळ पाहिलं.

"आहे. तुम्ही स्वच्छ दिसताय. पोट आत घ्या."

"एकवीस!" दीप्ती ओरडली.

इतिवृत्तासोबत तीच क्लिप कार्यालयात गेली. पोटाचा उल्लेख कापायला अनंतरावांनीच हरकत घेतली.