सहापाय्याचा नैवेद्य

बकरी चारी पाय ताठ करून पडली होती. पोट ढोलकीसारखं तट्ट फुगलेलं, अंगावर साधा ओरखडा नाही. महागावाजवळचं ते अख्खं खेडं भोवती जमलं होतं, आणि सहा पायांचं काहीतरी पळताना ज्याला त्याला दिसलंच होतं.

"सहापाय्या!" गावच्या महाराजांनी डोळे मिटून निकाल दिला. "रक्त पितो अन् आत हवा भरतो."

"पन दाताची खून नाई दिसत," प्रभावती म्हणाली. बकरी तिचीच, मेलेली तिसरी. आता गाभण चांदी तेवढी उरली होती, आणि तिचं घर बकऱ्यांवरच चालायचं.

"त्याचे दात सूक्ष्म असतात, माय."

उपाय ठरलेला होता. संध्याकाळी घरटी पातेलंभर भात पत्रावळीवर वाढून शिवेवर ठेवायचा. कोंबड्या आणि नारळ मात्र महाराजांकडे, कारण सहापाय्याला ते पचत नसत. दिवस वर आल्यावर पाहावं तर पत्रावळी चाटूनपुसून साफ! गाव हात जोडी. मग पुन्हा एखादी बकरी मरे. "भूक भागली नाई," महाराज म्हणत, आणि भात वाढे. मेलेलं जनावर कापायचं नाही, कापलं तर सहापाय्या घरात शिरतो, हीही त्यांचीच आज्ञा.

पण त्या दिवशी चांदीही फुगून कण्हू लागली. प्रभावतीची भीती पळाली आणि संताप आला. तिने तडक ढोरांच्या डॉक्टर अर्पिताताईंना बोलावलं.

सरपंच बाबाराव आडवे आले. "कापू नका, बाई! तो घरात शिरन!"

"शिरू द्या," प्रभावती म्हणाली. "गोठा रिकामाच हाय माहा."

ताईंनी आधी चांदीला सोड्याचं पाणी पाजलं, मग मेलेल्या बकरीचं पोट चिरलं. आत आंबट वासाचा भातच भात.

"सहापाय्यानं खाल्लेला भात बकरीच्या पोटात कसा आला?" त्यांनी विचारलं. "बकरीचं पोट पाल्यासाठी असतं. भात जास्त झाला की आत आंबतो, जनावर फुगतं आणि मरतं. गुराखी येईपर्यंत सकाळी बकऱ्या कुठे थांबतात?"

"शिवेवर," बाबाराव पुटपुटले. गावातली पहिली बकरी त्यांच्याच घरच्या लग्नातला, उकिरड्यावर फेकलेला भात खाऊन मेली होती, हे त्यांना आत्ता आठवलं.

महाराज कोंबड्यांची टोपली घेऊन निघाले. "सहापाय्या हाय! म्या डोयानं पाह्यला!"

"हाय ना," प्रभावती म्हणाली. "चार पाय माह्या बकरीचे, दोन तुमचे. मोजा!"

गाव खदखदून हसलं. प्रभावती हसली नाही. तो भात तिने स्वतःच्या हाताने रांधला होता. चांदी रवंथ करू लागेपर्यंत ती तिच्या पोटावर हात ठेवून बसून राहिली.

तेव्हा बाबांनो, जनावर मेलं तर आधी त्याच्या पोटात काय आहे ते पाहा. शिवेवर कोण फिरतंय ते नंतर पाहू.