सात किलो आणि मी

दचकू नका. गॅरेजच्या कोपऱ्यात, रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे भिंतीला टेकून जो वाकडा सांगाडा उभा आहे ना, तोच बोलतोय. मी सायकली वाहणारा रॅक. व्हॅनच्या मागच्या दारावर बसायचं आणि दोन सायकली पोटाशी धरून गावोगाव हिंडायचं, एवढंच माझं काम होतं. ते मी केलं, आणि कसं केलं ते सांगायची मला लाज वाटते. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पोकळ नळ्या कापणारा एक, वाकवणारा दुसरा आणि जोड मारणारी तिसरी. ती जोडकाम करणारी बाई फार नेटकी. प्रत्येक जोड झाला की हातोडीने टक्क करून वाजवायची, कान देऊन ऐकायची आणि मगच पुढे सरकवायची. शेवटी तिने माझ्या कमरेला पिवळी चिठ्ठी डकवली : ‘जास्तीत जास्त पस्तीस किलो’. ‘जमेल ना रे तुला?’ असं पुटपुटलीसुद्धा. मला ते फार आवडलं. आपल्याला काय जमतं आणि काय नाही, हे कपाळावर लिहून जन्माला येणारे किती जण असतात?

मला दिसतं कमी, ऐकू बरं येतं, पण खरं कळतं ते वजन. माझ्यावर काहीही टेकलं की त्याचं वजन मला कळतं. माणसाचंसुद्धा. हे लक्षात ठेवा, कारण माझं सगळं पाप त्यातच आहे.

शेडमधून मी एका दुकानात आलो आणि तिथेच रुजलो. वर्ष गेलं, दुसरं निम्मं सरलं. लोक यायचे, मला हलवून बघायचे, ‘नाजूक वाटतो हो’ म्हणायचे आणि शेजारचा घेऊन जायचे. शेजारचा म्हणजे माझा थोरला भाऊबंद. तो दाराला लटकत नाही. गाडीच्या पोटाखाली एक जाड आकडा बसवून घ्यायचा आणि त्यावर तो ऐटीत बसणार. साठ किलो सहज पेलतो. त्याच्या जागी रोज नवा यायचा, आणि मी आपला तिथेच, धूळ खात. दुकानाची मालकीण झाडू मारताना मला पायानेच बाजूला सारायची. अशा वेळी मनात काय काय येतं, ते दुकानात पडून राहिलेल्यालाच ठाऊक.

एक दिवस रॅकवाल्याने, म्हणजे त्या मालकिणीच्या नवऱ्याने, मला आणि थोरल्याला दोघांनाही टेम्पोत घातलं. गिऱ्हाइकाने घरी बोलावलं होतं. ‘गाडी बघितल्याशिवाय रॅक सांगू नये’ हा त्याचा नियम.

त्या घरात दोनच माणसं. काका जन्माचे सुतार. पावाच्या कारखान्यातली जुनी व्हॅन घेऊन त्यांनी तिच्या आत स्वतःच्या हाताने पलंग, घडीचं टेबल आणि भांडी खडखडणार नाहीत अशी फळी केली होती. काकू औषधांच्या दुकानात काउंटरवर. तीस वर्षांत एक गोळी इकडची तिकडे झालेली नाही, असं काकाच अभिमानाने सांगायचे. काकांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की वजन उतरायला लागलं की एक दिवसही न थांबता यायचं. आणि काकूंनी त्यात स्वतःचा कायदा जोडला होता : काका बासष्ट किलो होईपर्यंत व्हॅनची किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

दर रविवारी सकाळी काका न्हाणीघरातल्या काट्यावर उभे राहायचे आणि दाराआडून आकडा ओरडायचे. काकू तो कॅलेंडरवर लिहायच्या. गेल्या रविवारी काका ओरडले होते, ‘बासष्ट!’ आणि किल्ली हाती आली होती.

रॅकवाल्याने आम्हा दोघांना अंगणात मांडलं.

‘काका, सरळ सांगतो. मोठा घ्या. फक्त आकडा बसवायला गाडी आठ दिवस वर्कशॉपला द्यावी लागेल.’

‘आठ दिवस?’ काकांचा चेहराच पडला. ‘आणि हा बारका?’

‘हा आत्ता अर्ध्या तासात बसतो. पण पस्तीसच्या वर नाही हं. तुमच्या सायकली बॅटरीच्या, त्या जड असतात.’

‘किती जड ते तोलून बघू की,’ काकू म्हणाल्या. ‘अंदाजावर कशाला जायचं?’

सायकली दोन्ही सारख्या, जुन्या घेतलेल्या, कागदपत्रं काही नव्हती. आणि असती तरी काकूंनी मानली नसती. त्यांनी काटा आणून गॅरेजच्या सपाट फरशीवर ठेवला. इवल्याशा काट्यावर सायकल कशी उभी राहणार? मग माणसाने सायकल उचलून उभं राहायचं आणि माणसाचं वजन वजा करायचं, असं ठरलं.

‘द्या इकडे, मी उचलते.’

‘तू? मी काय मेलोय?’ काका हसत म्हणाले. थंडी वाजते म्हणत बारा महिने दोन स्वेटर घालणारा तो माणूस सायकल छातीशी धरून काट्यावर चढला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. काकूंनी वाकून चाकाखालून आकडा वाचला.

‘एकोणऐंशी. उतरा, उतरा. आता नुसते उभे राहा.’

‘आता आणखी कशाला? माझं बासष्ट ठाऊक आहे ना तुला. तूच लिहिलंयस.’

काकूंनी मनातल्या मनात वजाबाकी केली. ‘सतरा. दोन्ही मिळून चौतीस. अहो, बसतंय की यात!’

‘बघ!’ काका म्हणाले. ‘म्हातारीला उगाच काळजी.’

काकूंनी पेनाने माझ्या पिवळ्या चिठ्ठीखाली लिहिलं, १७ + १७ = ३४. अक्षर औषधाच्या पुडीवर लिहितात तसं, सुबक.

मग रॅकवाल्याने मला दारावर चढवलं, नट आवळले आणि म्हणाला, ‘काका, लटकून बघा जरा. रस्त्यावर पस्तीस, पण उभ्या गाडीला माणूस लोंबकळला तरी काही होत नाही.’

काका लटकले. पाय जमिनीवरून उचलले, हसले. आणि मला कळलं. बासष्ट नव्हे. दोन स्वेटर धरून पंचावन्न.

म्हणजे सायकल सतराची नव्हती, चोवीसची होती. दोन मिळून अठ्ठेचाळीस. पण सायकलीचं जाऊ द्या. या माणसाचं वजन वाढत नव्हतं, उतरत होतं, आणि शेजारी उभ्या बाईला त्याचा पत्ता नव्हता.

मी काय करू शकलो असतो? बोलता येत नाही, मान्य. पण कुरकुरता येतं. नवा रॅक पहिल्याच लटकण्याला कुरकुरला की रॅकवाला त्याला उतरवतोच, हे मी दुकानात डोळ्यांनी पाहिलं होतं. एक कुरकूर पुरली असती. पण दीड वर्षाने कुणीतरी मला पसंत केलं होतं. पुन्हा ती धूळ, पुन्हा तो झाडू... मी सगळे जोड घट्ट आवळून धरले आणि गप्प राहिलो.

‘आवाजसुद्धा नाही!’ रॅकवाला खूश झाला. थोरला टेम्पोतून परत गेला.

खोटं कशाला बोलू, पुढचे दिवस फार सुंदर गेले. पहिली सफर तळ्याकाठची. सकाळी दोघं तळ्याला चक्कर मारायची, काकू पुढे, काका मागे. काकू ओरडायच्या, ‘बॅटरी लावा की, मर्दुमकी कुणाला दाखवताय?’ आणि काका म्हणायचे, ‘अगं, लावलेलीच आहे!’ दुपारी घडीच्या टेबलावर चहा. दोघं लग्न नुकतंच झाल्यासारखी भांडायची.

पण सायकली उतरवून झाल्या की काकू किटली भरायला गेल्याचं पाहून काका माझ्या वरच्या दांडीवर कपाळ टेकायचे. डोळे मिटून, दहा-पंधरा श्वास. पहिल्या सफरीत मला ते पंचावन्नचे वाटले, दुसरीत चोपन्नचे. एकदा ते तसेच टेकलेले असताना पुटपुटले, ‘एवढा उन्हाळा होऊ दे. मग सांगतो तिला.’ मला सांगितलं की स्वतःलाच, कोण जाणे. त्यांच्याइतकंच मीही दडवत होतो, म्हणून तो माणूस मला फार जवळचा वाटायला लागला. चोर-चोरांची मैत्री म्हणा हवं तर.

माझा डावा जोड दुसऱ्या सफरीतच चिरला होता. दुखायचं. तरी मी धरून राहिलो. वाटायचं, यांचं सुख माझ्यावर टांगलेलं आहे, ते सोडायचं कसं? चाळीस दिवस मी असं धरून राहिलो, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिलो.

चाळिसाव्या दिवशी रस्त्यावरच्या एका उंचवट्यावर व्हॅन उडाली आणि डावा जोड सुटला. मी दाराचा पत्रा ओरबाडत, दोन्ही सायकलींसकट रस्त्यावर कोसळलो. मागून स्कूटरवर एक बाई येत होती. तिने ब्रेक मारला, घसरली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. काकूंनी रस्त्यातच बसून तिचा गुडघा धुतला, पट्टी बांधली.

घरी आल्यावर काकूंनी पहिलं काम काय केलं असेल? काटा आणला. या वेळी सायकल त्यांनी स्वतः उचलली. आधी सायकलीसकट, मग नुसतं. चोवीस. पुन्हा केलं. चोवीस. मग माझ्या चिठ्ठीवरचं स्वतःचं अक्षर बघत त्या फरशीवरच बसल्या.

‘सात किलो,’ त्या म्हणाल्या. ‘सात किलो मी कुठे गाळले हो?’

दारात काका उभे होते. म्हणाले, ‘होतं गं असं. काटा जुना आहे.’

‘काटा बरोबर आहे. मीच चुकले. साधी वजाबाकी चुकले.’

रॅक बदलता येतो, दाराचा पत्रा सरळ होतो. पण काकूंच्या आईला उतारवयात विसरण्याचा आजार झाला होता, आणि त्याची सुरुवात अशीच झाली होती, आकड्यांपासून. तिसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजमध्ये आल्या, हातात लिहिलेला कागद.

‘दुकान सोडते मी. मालकांना चिठ्ठी लिहिलीय. उद्या एखाद्या लेकराच्या औषधात माझ्या हातून सातची चूक झाली तर? परवा ती बाई थोडक्यात वाचली.’

‘अगं, काहीतरीच काय!’

‘काहीतरीच नाही. मला माझी भीती वाटायला लागलीय.’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी वरचा स्वेटर काढला. मग आतला. सदऱ्यातून खांद्याची हाडं दिसली. ते काट्याजवळ गेले आणि चढले.

‘वाच.’

‘हे काय आता मध्येच?’

‘वाच म्हणतो ना.’

काकू वाकल्या. वाकलेल्याच राहिल्या.

‘त्रेपन्न,’ त्या म्हणाल्या, आणि मग अगदी हळू, ‘त्या दिवशी किती होतात?’

‘पंचावन्न. तुझी वजाबाकी बरोबर होती गं. आकडा मी खोटा दिला होता. दर रविवारी देत होतो.’

मला वाटलं काकू ओरडतील. पण त्यांनी तो कागद नीट चार घड्या करून ठेवून दिला, काकांचा स्वेटर उचलला आणि त्यांच्या डोक्यावरून लहान मुलाला घालावा तसा घातला.

‘का हो?’ एवढंच त्या म्हणाल्या.

‘तू पुन्हा दवाखान्यात नेलं असतंस. मला तुझ्याबरोबर एकदा तळ्याला चक्कर मारायची होती.’

मग दोघंही रडली. मी असताना रडली, याचीही मला लाज वाटते. त्याच संध्याकाळी व्हॅन दवाखान्याकडे गेली.

आता काका दवाखान्यातच आहेत, उपचार चालू आहेत. काकू अर्धा दिवस दुकानात आणि अर्धा दिवस काकांपाशी असतात. परवा रॅकवाला भेटायला आला. बिचारा खजील झाला होता.

‘काकू, माझ्या दुकानातला माल. इतक्यात तुटायला नको होता हो.’

काकू माझ्याकडे बघत होत्या. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

‘डॉक्टर म्हणाले, दीड महिना आधी आणलं असतंत तर काम सोपं होतं. हा पहिल्याच दिवशी तुटला असता ना, तर फार बरं झालं असतं.’

ऐकलंत? मी तुटलो म्हणून कुणी मला दोष देत नाही. मी चाळीस दिवस तुटलो नाही, हाच माझा गुन्हा. ज्याला मी निष्ठा समजत होतो तो माझा स्वार्थ होता. मला दुकानात परत जायचं नव्हतं, एवढंच.

तुम्हीही कधी गाडीसाठी रॅक निवडायला जाल. खुशाल जा, सायकली न्या, तळी बघा. पण तोलायची वेळ आली की काट्यावर प्रत्येकाला उभं करा, आपल्या माणसालासुद्धा, आणि आकडा स्वतः वाचा. तुमचा रॅक कुरकुरला तर त्याला नावं ठेवू नका.

मला भंगारात द्यायचं ठरलं तर माझी हरकत नाही. काल काकू डबे हलवायला आल्या, तेव्हा त्यांचा हात माझ्या तुटक्या जोडावर क्षणभर थांबला. काकू, एवढ्यात मला माफ करू नका. आधी ते बरे होऊन घरी येऊ देत.