रोज बदललेलं तूस

आमचे हे मिल्ट्रीतनं हवालदार म्हणून पेन्शनीवर आले आन् कॉटवर जे पडले, ते पडलेच. जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. ऊस दीर बघतात, गावात मैतर उरले न्हाईत, मंग मीच म्हणलं, कोंबड्या पाळू. पिल्लं आली आन् माणूस उठला. मला तेवढंच पायजे व्हतं. अंडी न्हाई मिळाली तरी चाललं असतं.

पर उठला तो बराकीतला हवालदार, बाई! रोज सकाळी शेडमधलं, पिल्लांखाली पसरलेलं भाताचं सगळं तूस भायेर, नवं आत. जमिनीला फिनेल. पिल्लानं घाण केली की हे फावडं घेऊन हजर.

"आवं, कोंबड्या हायत त्या, परेडला उभ्या न्हाईत," मी म्हणायची. ऐकतंय कोण? पाट्या उचलून माझी कंबर गेली. पर ह्यांचं तोंड हसरं असायचं, म्हणून गप्प बसले.

हगवणीची लसबी दिली व्हती. तरी मागल्या आठवड्यात पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात बसायला लागली, हगवणीत रक्त. ह्यांनी आणखीनच जोरात झाडलं. शेवटी कोरेगावचे मल्हार डॉक्टर आले. एक मेलेलं पिल्लू चिरून त्यांनी आतडं दाखवलं, लालभडक सुजलेलं.

"रक्ती हगवण," ते म्हणाले. "साहेब, ह्या लशीत थोडे जिवंत जंतूच असतात. ते विष्ठेतनं तुसात पडतात, पिल्लं तूस चिवडताना परत खातात, तेव्हा कुठं अंगात ताकद येते. तुम्ही ते रोज बाहेर टाकलं, मग ताकद आलीच नाही, आणि बाहेरनं आलेल्या जंतूंनी गाठलं."

करायला गेलो गणपती आन् झाला मारुती!

"पाण्यातनं औषध द्या, बरीच वाचतील," डॉक्टर म्हणाले. "आता ओलं झालेलं तूस तेवढं काढा. बाकीच्याला हात लावू नका."

सुटले गं बाई, म्हणलं. खरंच हसू आलं मला.

डॉक्टर गेले. ह्यांनी सगळ्या भांड्यांत औषध घातलं, फावडं धुऊन भिंतीला लावलं आन् शेडच्या उंबऱ्यावर बसले.

"पल्लवी," हे म्हणाले, "मंग उद्या सकाळी मी उठू कशाला?"

मी शेजारी टेकले, पर इतकी दमले व्हते की ह्यांना सांगायला एखादं खोटं कामबी सुचंना.