आइस्क्रीमनंतरची बातमी

तिच्या सासरी एक भलतीच रीत होती. वाईट बातमी कधी कोरडी सांगायची नाही. आधी तोंड गोड करायचं, मग सांगायचं. सुरुवात केली सासऱ्यांनी. मुलांचे टॉन्सिल्स काढायचे ठरले की आदल्या दिवशी आइस्क्रीम. बदली झाली, शाळा-मैत्रिणी सगळं सोडून जायचं ठरलं, तेव्हा सर्कस. नणंदेचं तर असं झालं होतं की कुणी समोर आइस्क्रीमचा कप ठेवला, की ती आधी विचारायची, "कोण गेलं?"

आणि नवरा म्हणजे बापाच्या वरताण. एरवी हात इतका आखडता की साबणाचा उरलेला तुकडा नव्या साबणाला चिकटवून वापरणारा माणूस. पण त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमधली भागीदारी मोडली, तेव्हा सांगण्याआधी त्यानं तिला नवं घड्याळ आणलं होतं. अजूनही घड्याळात पाहिलं की तिला किती वाजले हे नंतर कळायचं, आधी त्या भागीदाराचं थोबाड आठवायचं.

तर असा हा माणूस एका सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "अगं, शनिवारी बॅग भर. नदीकाठच्या त्या जुन्या हॉटेलात राहू एक रात्र."

तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. ते हॉटेल! घुमटाचं, राजे-राण्या आणि नट्या उतरायच्या ते! त्याच्या मागच्या गल्लीत नवऱ्यानं अर्ध्या शहराला गाडी रिव्हर्स घ्यायला शिकवलं होतं, पण पुढच्या दारानं आत पाऊल टाकलं नव्हतं. टॉन्सिल्सला आइस्क्रीम, बदलीला सर्कस. मग या हॉटेलाला काय असेल?

तिनं नणंदेला फोन लावला.

"दादा? हॉटेलात?" नणंदेचा आवाज चिरकला. "वहिनी, खोली नदीकडची आहे की मागची?"

"नदीकडची. महागातली."

"अगं बाई गं! मी येऊ का तिकडे?"

झालं. होता नव्हता तो धीरही गेला. त्यातून त्याचा पाय. शिकवणाऱ्याच्या पायाखाली गाडीत वेगळा ब्रेक असतो, आणि याचा जन्म शिकाऊ लोकांशेजारी बसण्यात गेलेला. मनावर ताण आला, की उजवा पाय आपोआप जमीन दाबायचा. गेला महिनाभर तो जेवताना दाबत होता, टीव्हीसमोर दाबत होता, झोपेतसुद्धा दाबत होता. विचारलं की म्हणायचा, "काही नाही गं, सवय."

शनिवारी ते हॉटेलात शिरले. दरवानानं दार उघडलं, ती त्याला दोनदा थँक्यू म्हणाली. लिफ्ट जाळीच्या दाराची, आत बसायला मखमली बाक. "दोन मजले वर जायला बसायचं कशाला?" ती पुटपुटली, पण बसली. खोलीत गेल्यावर तिनं आधी पडद्याची किनार उलटून पाहिली. घरी कपडे अल्टर करून देणारी बाई ती, हात जाणारच. किनार हातशिलाईची होती. एरवी तिनं तासभर कौतुक केलं असतं. आज तिला त्या पडद्यात तोंड खुपसून रडावंसं वाटलं.

तेवढ्यात बाथरूममधून गाण्याचा आवाज आला. वाघाच्या पंजांसारखे पाय असलेल्या जुन्या टबात बसून नवरा गात होता! सूर नेहमीसारखाच भरकटलेला. बिचारा धीर गोळा करतोय, असं मनात आलं आणि तिच्या काळजाचं पाणी झालं.

संध्याकाळी जेवायला खाली गेले. केवढा तो हॉल, केवढी झुंबरं. सूप कसलं होतं, देव जाणे, तिला चवच लागली नाही. शेवटी वेटरनं चांदीच्या कपातून आइस्क्रीम आणून ठेवलं, आणि तिचा बांध फुटला.

"कोण मरतंय?" तिनं चमचा आपटला. "तुम्ही की मी? सांगा एकदाचं!"

वेटर जागच्या जागी थिजला. "मॅडम, आणखी काही हवंय?"

"तुम्ही थांबा हो जरा!"

नवरा आधी हसला. मग त्याचे डोळे भरले. "कुणी मरत नाही गं. काखेत गाठ आली होती. सुई घालून तपासली. काल रिपोर्ट आला. साधी चरबीची गाठ आहे, घाबरण्यासारखं काही नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. हसू आलं, रडू आलं, आणि त्यापाठोपाठ असला संताप आला की सांगता सोय नाही. "महिनाभर एकटे उरावर घेऊन हिंडलात? मी काय मेले होते? आणि हॉटेल कधी ठरवलंत?"

तो आइस्क्रीमकडे पाहत राहिला. "रिपोर्टच्या आधी. वाईट निघालं असतं तर तुला सांगायला ही जागासुद्धा लहान पडली असती."

"मग चांगला आल्यावर रद्द करायचं!"

"करणार होतो. पैसे परत देत नाहीत म्हणाले."

ती इतक्या मोठ्यानं हसली की बाजूच्या टेबलांवरची माणसं वळून पाहू लागली. वेटरही हसला, त्याचीही सुटका झाली असणार.

"पण काल रिपोर्ट आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

त्यानं कपातलं आइस्क्रीम चमच्यानं ढवळलं. मग म्हणाला, "चांगली बातमी कशी सांगतात, ते आमच्या घरात कुणी शिकवलंच नाही गं."

तिनं टेबलाखाली आपलं पाऊल त्याच्या उजव्या पावलावर ठेवलं. ते अगदी निवांत होतं. कालपासूनच असेल, तिनंच पाहिलं नव्हतं. "यापुढे काहीही झालं तरी घरी सांगायचं," ती म्हणाली. "ओट्यापाशी, उभ्या उभ्या, त्याच दिवशी. कळलं?"

"कळलं."

पर्समध्ये फोन वाजला. नणंद. ती दिवसभर फोनला चिकटून बसली असणार.

"वहिनी, काय झालं गं? कोण?"

"कुणी नाही. सगळे ठणठणीत आहेत. आम्ही आइस्क्रीम खातोय."

मग नणंदेनं विचारलं, "नुसतं?"

"नुसतं," ती म्हणाली, आणि तिनं चमचा उचलला.