खलनायकाच्या कपाळावरचं कुंकू

मी मुखवटा बोलतोय. बोहाड्यात, म्हणजे गावच्या सोंगांच्या उत्सवात, देव म्हणून नाचवतात तो नव्हे. त्याला वर्षातून एकदाच काम असतं. मी वेल्डरचा मुखवटा. रंगाने काळा, अंगाने जाड, डोळ्यांपुढे काळी काच. देखणा मी नाही, ते मला ठाऊक आहे. पण माझ्या आडोशाने दोन माणसांचे डोळे सोळा वर्षं शाबूत राहिले, एवढा तोरा मी मिरवणारच.

१९९० साली मी सातपूरच्या एका कारखान्यात आलो. एका पाळीला सावळीराम मला घाली, दुसऱ्या पाळीला धोंडीराम. दोघांत मिळून मी एकच. पाळी बदलताना सावळीराम मला कधी खिळ्याला अडकवत नसे. धोंडीराम येईपर्यंत थांबायचा, त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, “गरम हाय, सांभाळ.” आठवड्याने पाळ्या उलटल्या की तेच शब्द धोंडीराम म्हणायचा. मला त्या चार क्षणांचं फार अप्रूप होतं.

सावळीराम तेव्हा कारखान्याचा हिरो होता. साहेबापुढे ताठ उभा राहून कामगारांची बाजू मांडायचा. १९९२ साली संप झाला तोही त्याच्याच शब्दावर. चाळीस दिवस सगळे गेटबाहेर बसले. मग त्याच्या कानावर आलं की मालक मशिनरी दुसरीकडे हलवणार आहे. हे त्याने कोणाला सांगितलं नाही, धोंडीरामलाही विचारलं नाही. एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी एकटाच गेटमधून आत आला आणि मला डोक्यावर चढवलं. सगळ्यांचं भलं आपल्या एकट्यालाच कळतं, असं त्याला वाटलं होतं.

संप मोडला. कारखाना राहिला. पण धोंडीरामचा धाकटा भाऊ वाळू याला पुन्हा कामावर घेतलं नाही. तो घोटीजवळच्या आपल्या गावी, भाताच्या शेतावर परत गेला.

त्या दिवसापासून धोंडीरामने सावळीरामशी बोलणं सोडलं. पाळी संपली की मला खिळ्याला अडकवायचा, तेही तोंड भिंतीकडे करून. माझा काय गुन्हा होता कोण जाणे! सावळीराम कँटीनमध्ये एकटा जेवायचा. वेल्डिंग करता करता माझ्या आत पुटपुटायचा, “शिवी दे, पण बोल की रे एकदा.” सहा वर्षं हे मी एकट्याने ऐकलं.

१९९८ साली दिनेश नावाचा नवा फिटर आला. त्याला सिनेमाचं भलतंच वेड. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवाल्या मित्राला गाठून त्याने कारखान्यातच विज्ञानपट काढायचा घाट घातला. गोष्ट अशी: दूरच्या एका ग्रहावर माणसं काचेच्या घुमटाखाली राहतात. हवेचं यंत्र राखणारा कॅप्टन सगळ्यांचा लाडका. एकदा यंत्र बिघडतं तेव्हा तो ते आपल्या एकट्याच्या ताब्यात घेतो, सगळ्यांना वाचवायला म्हणून. पण मग सोडतच नाही. मित्र दारात येऊन हवा मागतात, तरी दार उघडत नाही. त्यांच्या नजरेला नजर देववत नाही, म्हणून काळा मुखवटा चढवतो.

दिनेशला जुनं काही माहीत नव्हतं. भर कँटीनमध्ये तो सावळीरामला म्हणाला, “काका, कॅप्टन तुम्हीच व्हा. आधी हिरो, मग व्हिलन. तुमचा आवाज एकदम फिट आहे.”

कँटीनमधल्या ताटांचा आवाज थांबला. सावळीरामने घास गिळला आणि म्हणाला, “करतो.”

शूटिंग खंडेनवमीला ठरलं. त्या दिवशी हत्यारांची पूजा, मशीन बंद, म्हणून शेड मोकळी. सकाळी सगळ्यात आधी धोंडीराम आला. आपल्या हत्यारांना हळदकुंकू लावून झालं, तसा माझ्यापाशी थबकला. सहा वर्षं पूजेच्या वेळी तो मला ओलांडून जात असे. आज त्याने मला भिंतीकडून वळवलं आणि अंगठ्याने कपाळावर कुंकू वर ओढलं. म्हणाला, “तुझा काय दोष त्यात?”

दुपारी सावळीरामने मला हातात घेतलं आणि ते कुंकू बघितलं. तसं अंगठ्याने वर ओढलेलं कुंकू कारखान्यात एकाच माणसाचं. त्याला वाटलं, हे आपल्यासाठी. खरं काय ते मला माहीत होतं. पण बोलता आलं असतं तरी मी ते सांगितलं नसतं.

“काका, कुंकू पुसा ना, व्हिलन आहात,” दिनेश म्हणाला.

“आज पुसत नसतात,” सावळीराम म्हणाला आणि मला चढवलं.

कॅमेरा सुरू झाला. दाराबाहेरून मित्र हाका मारत होते. सावळीरामला दिनेशने लिहिलेलं वाक्य म्हणायचं होतं: मी जे केलं ते तुमच्यासाठीच. ते तो म्हणाला. मग थांबला. माझी आतली बाजू ओली झाली आणि न लिहिलेले शब्द बाहेर पडले, “धोंड्या, तुला विचाराया पायजे होतं रे. चुकलो मी.”

दिनेशने ते तसंच ठेवलं. पुन्हा घ्यायला कॅसेट नव्हती, असं तो सांगतो. मला ते खरं वाटत नाही.

दिवाळीआधी कँटीनमध्ये टीव्ही लावून सिनेमा दाखवला. घरची माणसंही आली होती. यान उडताना लग्नाच्या व्हिडिओतली गुलाबाची फुलं पडद्यावर फिरत होती. लोक पोट धरून हसले. मग मी आलो. परग्रहावर धोंड्या कुठून आला म्हणून एकजण हसला, आणि त्याचं हसू मध्येच विझलं. एकेक मान धोंडीरामकडे वळली. सावळीरामची बायको सिंधुबाई हळूच म्हणाली, “एवढा वाईट झाला, तरी कपाळाला कुंकू हाय. कोणीतरी लावलंच की.”

धोंडीराम उठला आणि बाहेर गेला. सावळीरामने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

सोमवारी पाळी बदलायची वेळ झाली. धोंडीरामने मला काढलं. खिळ्याकडे गेला, आणि तिथेच थांबला. सावळीराम आला.

“वाळूला भेटाया यायचं,” धोंडीराम शेवटी म्हणाला. “त्याच्यापुढं बोल. मला नुसतं कॅसेटीत नको.”

“येतो.”

धोंडीरामने मला त्याच्या हातात दिलं. “गरम हाय. सांभाळ.”

आता २००८ साल आहे. माझी काच तडकली आणि दोन वर्षांपूर्वी मला भंगारात काढलं, तेव्हा धोंडीरामने मला मागून घेतलं. तो निवृत्त होऊन गावी आलाय. मी त्याच्या ओसरीवर, तोंड अंगणाकडे करून टांगलेला आहे. समोर वाळूचं भात दिसतं. तक्रार काही नाही. तुम्ही माणसांनी मला आगीपुढे उभं केलंत, सिनेमात घेतलंत, दोन माणसांच्या हातांची ऊब दिलीत. एका मुखवट्याला आणखी काय हवं? तुमच्याकडे कोणी असा तोंड भिंतीकडे करून टांगलेला असेल, तर त्याला एकदा वळवून बघा, एवढंच मागणं.

दर खंडेनवमीला सावळीराम एसटीने येतो. कुंकू लावून झालं की मला खिळ्यावरून काढतो आणि धोंडीरामच्या हातात देतो. मी दोन वर्षांत तापलेलो नाही. तरी तो म्हणतो, “गरम हाय, सांभाळ.” आणि धोंडीराम मला खरंच दोन्ही हातांनी जपून धरतो.