फोनवरचे सासरे

सासरे गेले आणि थोड्याच दिवसांत माझ्या नवऱ्याला थोरला भाऊ मिळाला.

सासऱ्यांच्या मोडलेल्या पहिल्या लग्नातला मुलगा, असं तो सांगत होता. ते लग्न झालं होतं हे खरं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सोबत बायको आणि सासऱ्यांचा तरुणपणीचा एक फोटो. नवरा एकुलता एक, त्यात नुकताच पोरका झालेला. त्याने ‘दादा’ म्हणून मिठीच मारली. खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर आम्ही. मागच्या खोलीत त्या दोघांनी बस्तान बसवलं.

जाऊबाई गोड बोलायच्या. माझ्या तान्ह्या मुलीला उचलून फिरवायच्या आणि मी त्यांच्या हातांकडे बघत बसायचे. एकदा हळूच म्हणाल्या, “सांगू की नको कळत नाही गं. भाऊजी आमच्या ह्यांना म्हणत होते, बाळंतपणानंतर हिचं डोकं ठिकाणावर नाही. हिला माहेरी पाठवतो, मुलगी इथेच ठेवतो.”

मुलीचा श्वास चालू आहे ना हे बघायला मी दहादा उठते, हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत असणार?

त्याला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. तिकडे दुकानात, हे मला नंतर कळलं, दादा त्याला सांगत होता की तुझ्या बायकोने तिच्या भावाला गिऱ्हाईक बघायला लावलंय, तुझी सही घेऊन घर विकून मोकळी होणार. त्यानेही विचारलं नाही. “दूध तापलंय”, “दार लावून घे” एवढ्यावर आमचा संसार आला.

मग एका सकाळी तो म्हणाला, “उद्या वकिलाकडे जातोय. घर दादाच्या नावावर करतो, तिथेच ते सुरक्षित राहील. तुझ्या भावाला कळव.”

“आणि माझी मुलगी?”

“तिचं काय?” तो अशा काही कोरड्या आवाजात म्हणाला, की मला जाऊबाईंचं सगळं पटलं.

त्याच दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना जाऊबाईंना सासऱ्यांची आठवण आली. “दर रविवारी फोन करायचे हो मला. आधी खोकायचे, मग म्हणायचे, बोल सूनबाई. माझं सगळं रडगाणं ऐकून घ्यायचे.”

माझ्या हातातलं झबलं तसंच राहिलं.

सासऱ्यांना ऐकू येत नव्हतं. तरुणपणी तापात कान गेले ते गेलेच. पण बहिऱ्या माणसाकडे घड्याळ कोण देईल, म्हणून हे कुणी तोंडातून काढायचं नाही असा घरात दंडकच होता. ते ओठ वाचायचे, घड्याळाला बोटं टेकवून टिकटिक ओळखायचे. गल्ली त्यांना शिष्ट समजायची. नवऱ्याची जीभ या विषयावर अजूनही वळत नसे. दादाला तर माहीतच असणार, असं तो धरून चालला होता.

धावत खाली जाऊन सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, घर हातचं चाललं म्हणून रचतेस. म्हणून जेवताना मी सहज म्हटलं, “जाऊबाई, ते फोनचं सांगा ना याला.”

त्या रंगात आल्या. खोकलासुद्धा काढून दाखवला. दादा कौतुकाने म्हणाला, “तासन्‌तास चालायचं दोघांचं. मला कोण विचारतो!”

नवऱ्याने घास ताटात ठेवला. “बाबा ऐकून घ्यायचे?”

“शब्दन्‌शब्द!”

तो उठला, हात धुतले, दार उघडलं. “बाबा ठार बहिरे होते,” तो म्हणाला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने.

दादाने काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, तर जाऊबाईंनीच त्याला कोपर मारलं. “चला हो, आता कशाला शोभा.” आणि दोघं निघून गेले.

टेबलाशी आम्ही दोघंच उरलो.

“मुलीला माझ्यापासून तोडणार होतास?”

“मी? कोण म्हणालं?” मग तोच म्हणाला, “तू घर विकणार होतीस ना?”

“कोण म्हणालं?”

उत्तर दोघांनाही कळलं. “एकदा विचारायचंस तरी,” तो पुटपुटला.

“तू विचारलंस?”

माहेरी जायला मी मुलीचं सामान भरायला घेतलं. आता भीतीने नाही. दोन परक्या माणसांच्या शब्दावर त्याने मला लबाड ठरवलं आणि मी त्याला राक्षस, आणि दोघांनाही ते अवघड गेलं नाही. एवढं मनात घेऊन त्याच्या शेजारी निजणं मला जमेना.

तो स्टँडवर सोडायला आला. बस दिसली तेव्हा म्हणाला, “भेटायला येऊ?”

“ये.”

परत चल, असं तो म्हणाला नाही. कधी येईन, ते मीही सांगितलं नाही.