आर्ची ग्लेनीचं मानपत्र

आर्ची ग्लेनी पंतप्रधान झाल्यावर पहिल्यांदाच गावी येणार होता. त्याच्या मानपत्राचा मजकूर लिहायचं काम समितीने मला दिलं. मी खाणकामगारांच्या वाचनालयाचा ग्रंथपाल, समितीचा चिटणीस. वाचनालयामागची माझी राहायची खोलीही समितीचीच. मला चारचौघांत बोलता येत नाही. लिहिता येतं असा आपला समज.

मी लिहिलं होतं, 'संपानंतर या गावातल्या एकाही खाणीने आपल्याला काम दिलं नाही.'

मंगळवारी मिस केटलने रंगवलेलं मानपत्र टेबलावर उलगडलं. सोनेरी अक्षरांत होतं, 'देशसेवेच्या ओढीने आपण स्वखुशीने कुदळ खाली ठेवलीत.'

"हे कुणी बदललं?"

"कॅप्टननी. मी नुसती अक्षरं रंगवते हो, प्रॉसर. खरं-खोटं तुमचं तुम्ही बघा."

स्वखुशीने! संपानंतरच्या त्या हिवाळ्यात आर्ची रोज पहाटे एकेका खाणीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि हात हलवत परतायचा. दुपारी माझ्याकडे येऊन अर्थशास्त्राची जाड पुस्तकं ओठ हलवत वाचायचा. त्याच्या पोटात काही नाही हे मला दिसायचं. पाव पुढे करायला मात्र मी लाजलो.

तेवढ्यात कॅप्टन ट्रेवेना आले. मोठ्या खाणीचे व्यवस्थापक, समितीचे अध्यक्ष.

"काय प्रॉसर, तोंड का वाकडं?"

"हे खोटं आहे, कॅप्टन."

"अहो, पाहुणा जेवायला येतोय आणि तुम्ही जुनी खरूज खाजवताय! पंतप्रधान झाला ना? उपाशी मेला का?"

"तुम्ही कसर सोडली नव्हती." हे मी बोललो यावर माझाच विश्वास बसेना. "यादी काढलीत. या माणसांना कुणी घेऊ नका म्हणून सगळ्या खाणींना पाठवलीत."

"मी सांगितली. लिहिली कुणी? सहाही प्रती कुणाच्या हातच्या?"

मिस केटलने माझ्याकडे पाहिलं. अक्षर चांगलं म्हणून माझ्याकडून लिहून घेतल्या होत्या, आणि मी लिहिल्या होत्या. आर्चीचं नाव तिसरं होतं.

"माझ्याच," मी म्हणालो. "म्हणूनच याच्याखाली माझी सही नको."

"मग खोलीच्या किल्ल्या शनिवारपर्यंत पाठवा." कॅप्टन शांतपणे तिच्याकडे वळले. "तो चिटणीस शब्द खोडून टाक गं. वर एखादी वेल काढ."

"रंग वाळलाय, कॅप्टन. आता खोडलं तर कागद फाटेल."

शनिवारी मानपत्र दिलं गेलं. खाली पाच सह्या, आणि चिटणीस या शब्दावर कोरी जागा. मी तिथे नव्हतो. खोली रिकामी करत माझी पुस्तकं खोक्यांत भरत होतो. आर्चीला ती जागा दिसलीही असेल. पण यादीतलं अक्षर कुणाचं, ते त्याला ठाऊक नाही. तो रविवारपर्यंत हॉटेलात होता. जाऊन सांगायला हवं होतं. मी दोनदा टोपी चढवली आणि दोनदा काढून ठेवली.